मागच्या दाराने निघणारी माणसं

नाटक संपलं, टाळ्या वाजवून हात लाल झाले की प्रेक्षकांचे सरळ दोन गट पडतात. एक गट शेवटची ट्रेन, उद्याचं ऑफिस वगैरे बोलत पुढच्या दाराने निघून जातो आणि दुसरा थिएटरला वळसा घालून मागच्या बोळात जातो. पुढे कितीही झुंबरं आणि लाल गालिचे असोत, मागे कचऱ्याचे डबे, एक पिवळा दिवा आणि ऑफिसच्या गोडाऊनला असतं तसलं दार. यालाच स्टेज डोअर म्हणायचं. मी कायम दुसऱ्या गटात. थंडी असली, पाय दुखत असले तरी.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या थिएटरांत याला चांगली शिस्त आहे. लोखंडी बॅरिकेड लावतात, लोक फुकट मिळालेलं प्लेबिल, म्हणजे नाटकाची माहितीपुस्तिका, आणि काळा मार्कर घेऊन दाटीवाटीने उभे राहतात, कलाकार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सह्या करत जातात. लंडनला हीच पुस्तिका, तिथे तिला प्रोग्रॅम म्हणतात, तो विकत घ्यावा लागतो, त्यामुळे सही घेताना तो चुरगळू नये म्हणून लोक जरा जास्तच जपतात असं माझं निरीक्षण आहे. जपानमध्ये ताकाराझुका म्हणून फक्त बायकांची नाटक कंपनी आहे, 1914 पासून प्रयोग करतेय, तिथली पद्धत तर मला फारच आवडते. फॅन क्लबवाल्या रांगेत शिस्तीत बसून राहायच्या, आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही, हातातली पत्रं लाडक्या नटीकडे द्यायची आणि ती गेली की आपण उठायचं. आपल्याला जमेल का हे? मला तरी नाही जमणार, मी टाचा उंच करणाऱ्यांपैकी.

यातली गंमत अशी आहे की बाहेर येऊन भेटणं हे कुणाच्याही कामाचा भाग नाही. आठवड्याला आठ प्रयोग असतात, दोन प्रयोगांच्या दिवशी मधल्या वेळात त्यांना जेवायचं असतं, पाठ टेकायची असते, आणि गाणाऱ्यांना तर घसा सांभाळायला तोंड बंद ठेवायचं असतं. म्हणून दुपारच्या प्रयोगानंतर उभं राहून फारसा उपयोग नसतो, रात्री राहावं. तरी लोक दुपारी उभे राहतात आणि मग "भाव खातो" म्हणून नाकं मुरडतात. अरे बाबा, त्याने तीन तास तुझ्यासमोर घाम गाळला, तिकिटात तेवढंच होतं.

आणि बाहेर आलेला माणूस तो नसतोच हो. मघाशी ज्या राणीने अख्खं सभागृह गप्प केलं ती जुनं जॅकेट घालून, पाठीवर सॅक अडकवून येते. जवळून बघितलं तर कपाळावर विगखालच्या टोपीची लाल रेघ अजून तशीच, कानापाशी माइकची वायर चिकटवलेल्या टेपचा चिकटा, आणि काजळ नीट निघालेलं नसतं त्यामुळे डोळे आजारी माणसासारखे. अशा वेळी आपण दोन तास मनात घोळवलेलं वाक्य जे गायब होतं ते होतंच. "छान झालं" एवढंच तोंडातून येतं. ती थँक्यू म्हणते, आपणही थँक्यू म्हणतो, मग दोघंही एकदमच पुन्हा थँक्यू. संपला संवाद. नाटकात इतका वाईट संवाद लिहिला असता तर लेखकाला घरी बसवलं असतं.

एके काळी या दारापाशी फक्त सह्यांसाठी गर्दी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या गेइटी थिएटरच्या मागे कोट-टोपीतले श्रीमंत तरुण फुलांचे गुच्छ घेऊन ताटकळत असायचे, तिथल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींना जेवायला न्यायला. त्यातल्या काहींची खरंच लग्नं झाली. कॉनी गिलख्रिस्ट 1892 मध्ये ऑर्कनीच्या अर्लची बायको झाली, रोझी बूट 1901 मध्ये हेडफर्टच्या मार्क्विसची; अर्ल काय, मार्क्विस काय, दोघंही बडे सरदार. बाकीच्यांच्या गुच्छांचं काय झालं ते दारावरच्या माणसालाच माहीत असणार. हा दारावरचा माणूस, स्टेज डोअर कीपर, माझ्या मते थिएटरमधला सगळ्यात भारी रोल. कोण आलं कोण गेलं, कुणाची किल्ली, कुणाची पत्रं, कुणाचे आईवडील आज बघायला आलेत, सगळं त्याला ठाऊक. आणि चेहरा असा की आपण विचारूच नये.

मोबाइल आल्यापासून मात्र मजा थोडी गेली. आता सही कमी आणि सेल्फी जास्त, बिचारा कलाकार प्रत्येक फोनमध्ये तेच हसू भरत पुढे सरकतो. 2015 मध्ये नट बेनेडिक्ट कंबरबॅच लंडनच्या बार्बिकन थिएटरला हॅम्लेट करत होता तेव्हा त्याला बाहेर येऊन लोकांना विनंती करावी लागली होती की प्रयोग चालू असताना शूटिंग करू नका, मला वरून दिसतं. आणि हे सगळं समोरच्या लोकांनी अर्थातच फोनवर शूट केलं! मग 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे थिएटरंच बंद पडली, पुढच्या वर्षी उघडली तरी बऱ्याच ठिकाणी या भेटीगाठी बंदच होत्या. पण काही लोक लांब उभं राहून नुसते हात हलवायचे म्हणे. ते मला पटलं. तसंही बोलायचं काय असतं आपल्याला.

खरं सांगू का, मी आजकाल मुख्य नटासाठी थांबतच नाही. मुख्य नट उशिरा येतो किंवा दुसऱ्याच दाराने जातो. त्याच्या आधी बाहेर पडतात ते मागे नाचणारे, भाला धरणारे, तिसऱ्या अंकात चिठ्ठी आणून देणारे. विग नाही, मेकअप नाही, कुणी ओळखत नाही. गर्दी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत असते आणि ते "एक्स्क्यूज मी" म्हणत आपल्याच नाटकाच्या चाहत्यांमधून वाट काढत बस पकडायला जातात. अशा कुणाला थांबवून "तुम्ही दुसऱ्या गाण्यात शिडीवरून घसरल्यासारखं केलंत ना, ते कसलं मस्त होतं" म्हणून बघा. आधी मागे वळून बघतात, दुसऱ्या कुणाला म्हणतोय का म्हणून. मग जे बोलायला लागतात ना, आपणच घड्याळ बघायला लागतो.

असाच एक मुलगा भेटला होता, स्विंग होता तो. म्हणजे नाटकातल्या बऱ्याच जणांची कामं एकट्याने पाठ करून ठेवायची आणि कुणी आजारी पडलं, कुणाचा पाय मुरगळला की त्याच्या जागी उभं राहायचं. त्या दिवशी तो खलाशी होता, आदल्या प्रयोगाला वेटर, आणि एकदा तर म्हणे मध्यंतरात कपडे बदलून अर्धं नाटक एक आणि अर्धं नाटक दुसराच माणूस झाला होता. सगळ्यात अवघड काय, विचारलं, तर म्हणाला नाचाच्या स्टेप्स आणि संवाद लक्षात राहतात हो, पण कुठल्या बाजूच्या विंगेत जायचं ते विसरायला होतं, आणि चुकीच्या बाजूला गेलं की समोरून टेबल घेऊन येणारा माणूस धडकतो. प्रोग्रॅमवर त्याचा फोटो शेवटच्या पानावर, नखाएवढा, त्यावरच सही केली त्याने. उद्या कोण आहेस म्हटलं तर हसला, "दुपारी फोन आला की कळेल."