हलका बॉलच जड झाला तेव्हा

नाशिकमधल्या एका मॉलच्या बोलिंग हॉलमध्ये मी काम करतो. बूट देणं, लेन सुरू करून देणं हे रोजचंच. पण ज्याच्या-त्याच्या हाताला बसेल असा बॉल शोधून देणं हे मला यातलं खरं काम वाटतं.

मे महिन्यात एका रविवारी दिंडोरीकडचं एक द्राक्षबागायतदार कुटुंब पुतण्याच्या वाढदिवसाला आलं होतं. खरड छाटणी उरकलेली, त्यामुळे सगळे निवांत. त्यातल्या मावशींनी सगळ्यात हलका म्हणून आठ पौंडांचा, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपासचा, गुलाबी बॉल उचलला. दोन-तीनदा टाकला आणि बाकावर जाऊन बसल्या. अंगठा चोळत म्हणाल्या, "राहू दे भाऊ, ठणका लागला. हे काही आपलं काम नाही."

मी त्यांचा हात बघितला. वर्षानुवर्षं छाटणीची कात्री चालवून अंगठ्याचा सांधा जाड झालेला, बोटं चांगली भरलेली. बॉलला अंगठा आणि दोन बोटं घालायला तीन भोकं असतात. हॉलमधल्या हलक्या बॉलना ती लहान मुलांच्या हाताच्या मापाने पाडलेली असतात: भोकं बारीक, अंगठा आणि बोटांच्या भोकांमधलं अंतरही कमी. मावशींचा अंगठा अर्धाच आत जात होता. मग बॉल सुटू नये म्हणून त्या बोटांनी आवळून धरत होत्या. वजन कमी असूनही सगळा भार त्या दुखऱ्या सांध्यावर.

मी दहा पौंडांचा काळा बॉल आणला. "अरे, हा तर आणखी जड!" त्या म्हणाल्या. "मावशी, टाकू नका, नुसता धरून बघा," मी म्हटलं. आधी अंगठा मुळापर्यंत आत. तो कडेला टेकतो पण घासत नाही, फिरवला तर सहज फिरतो. मग मधलं बोट आणि अनामिका आत न घालता भोकांवर आडवी ठेवायला सांगितली. दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या आतल्या कडेच्या जरा पुढे आली, म्हणजे अंतर बरोबर. बोटं आत गेल्यावर तळहात आणि बॉल यांच्यामध्ये माझी पेन्सिल सरकवून पाहिली. अलगद सरकली. जास्त फट राहिली असती तर अंतर कमी, पेन्सिल शिरलीच नसती तर जास्त. जास्त अंतरात अंगठ्याच्या मुळाला ताण बसतो.

"आता आवळू नका. हात खाली सोडा, बॉल आपोआप लटकेल."

त्यांनी सोडला. चेहराच सांगत होता. "हा हलका कसा काय लागतोय?"

तेवढ्यात पुतण्या फक्त बोटांची टोकं घालून फिरकी द्यायला बघत होता. पहिल्या पेरापर्यंतची ती फिंगरटिप पकड चांगलीच असते, बॉल जास्त वळतो. पण त्यासाठी बॉलला आपल्या हाताच्या मापाने भोकं पाडून घ्यावी लागतात. हॉलच्या बॉलमधली भोकं दुसऱ्या पेरापर्यंत बोटं घालायच्या हिशोबाने पाडलेली असतात. त्यात नुसती टोकं घातली तर मनगट दुखावतं. व्हिडिओत ऑस्ट्रेलियाचा नामवंत बोलिंगपटू जेसन बेलमॉन्टे अंगठा न घालता दोन्ही हातांनी टाकतो, तो पोरांना फार आवडतो. त्याच्या बॉलची भोकं त्याच्याच हातासाठी पाडलेली असतात, एवढं मी पुतण्याला सांगितलं.

मावशींनी पुन्हा टाकला. अंगठा आधी सुटला, मग बोटं, आणि बॉल आदळण्याऐवजी लेनवर घरंगळत गेला. सात पिन्स पडल्या. शेवटपर्यंत त्या खेळल्या, अंगठ्याचं नावही काढलं नाही. जाताना जाऊबाईंना सांगत होत्या, "आधी भोकात अंगठा फिरवून बघ, मग वजन बघ."

मालकांना मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं, पुढचे बॉल मागवताना आठ-नऊ पौंडांत मोठ्या भोकांचे दोन-चार तरी घ्या. आपल्याकडे राबणारे हात येतात, आणि त्यातल्या सगळ्यांनाच दहा पौंड पेलतील असं नाही.