बरखास्त टीमचा पहाटे साडेपाचचा सामना

सप्टेंबरमधल्या एका पहाटे पाच वाजता तिकीट, म्हणजे दुरुस्तीची तक्रार, आलं. 'फ्लिन फ्लॉन बॉम्बर्सच्या पानावर बरखास्त, 1981 असं दिसतंय. टीम अर्ध्या तासात बर्फावर उतरतेय. तातडीने बघा.' शेजारच्या खुर्चीवरून प्रतिक्रिया आली, "अरे, मेलेली टीम आहे ही. मग खेळतंय कोण?"

आमचं काम आइस हॉकीच्या आकडेवारीचं. ऑफिस पुण्यात, सामने कॅनडात, म्हणून ही शिफ्ट रात्रीची. मोठ्या व्यावसायिक लीगचा डेटा सहसा स्वच्छ असतो. खरा घोळ असतो तो ज्युनिअर लीगमध्ये, म्हणजे साधारण 16 ते 20 वयाच्या पोरांच्या हॉकीत. गावं छोटी, टीम जुन्या, लीग फुटतात, जुळतात, नावं बदलतात. फ्लिन फ्लॉन हा त्यातला सर्वांत गुंतागुंतीचा नमुना म्हणावा लागेल.

गाव कॅनडातल्या मॅनिटोबा आणि सस्कॅचेवान या दोन प्रांतांच्या अगदी हद्दीवर आहे. तांबं आणि जस्ताच्या खाणीवर वसलेलं, आज लोकसंख्या जेमतेम पाच हजार. टीम 1927 सालची. आधी ती मोठ्यांची होती, 1948 मध्ये सस्कॅचेवानच्या ज्युनिअर लीगमध्ये आली. ती लीग 1966 मध्ये बंद पडल्यावर एक हंगाम मॅनिटोबाच्या लीगमध्ये काढला आणि 1967 मध्ये नव्या पश्चिम कॅनडा लीगमध्ये गेली. इथवर सरळ आहे. गोची 1978 पासून सुरू होते.

लीगमध्ये खेळण्याचा परवाना म्हणजे फ्रँचायझी. ही वस्तू विकता येते, दुसऱ्या शहरात नेता येते. 1977-78 चा हंगाम संपल्यावर फ्लिन फ्लॉनची फ्रँचायझी एडमंटनला गेली. तिथे एक हंगाम, मग अमेरिकेतल्या ग्रेट फॉल्सला. तिथली टीम 1979 च्या डिसेंबरात हंगामाच्या मध्यातच गुंडाळली गेली. पुढे तीच फ्रँचायझी स्पोकेनला उभी राहिली आणि 1981 मध्ये तिथेही अर्ध्या हंगामात आटोपली. आमच्या पानावरचं 'बरखास्त, 1981' आलं ते इथून.

फ्लिन फ्लॉनमध्ये मात्र बॉम्बर्स हे नाव कोणी खाली ठेवलंच नाही. दुकान विकलं गेलं, पण पाटी जुन्याच भिंतीवर राहिली. काही वर्षं टीम उत्तर मॅनिटोबातल्या खालच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळली आणि 1984 मध्ये पुन्हा सस्कॅचेवानच्या लीगमध्ये दाखल झाली. आजही तिथेच आहे. गावकऱ्यांना विचाराल तर टीम 1927 पासूनची एकच. डेटाबेसला विचाराल तर उत्तर अवलंबून राहतं तुम्ही आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, कशाला दिलाय यावर.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून आलेल्या फाइलमध्ये टीम आणि फ्रँचायझी यांना एकच आयडी होता. 1978 नंतरच्या सगळ्या ओळी त्या आयडीखाली एडमंटन, ग्रेट फॉल्स, स्पोकेन अशा लागल्या होत्या. शेवटची ओळ 1981 ची, म्हणून सिस्टिमने आपणहून टीमला बरखास्तचा शिक्का मारला. 1984 नंतरचे हंगाम दुसऱ्या फाइलमधून आले. नाव तेच असल्यामुळे ते त्याच पानाला चिकटले, पण शिक्का काही पुसला गेला नाही.

असलं प्रकरण सोडवताना पहिला मोह होतो तो डेटाबेसमध्ये नावावरून शोध घेण्याचा. फ्लिन फ्लॉनच्या बाबतीत नाव सरळ खड्ड्यात नेतं, आणि खड्डा एडमंटनला आहे. तिथल्या टीमचं नाव ऑइल किंग्ज. या नावाच्या तीन वेगवेगळ्या टीम होऊन गेल्या. पहिली 1976 मध्ये पोर्टलंडला गेली. दुसरी 1978-79 ची, एका हंगामाची, जी मुळात फ्लिन फ्लॉनची फ्रँचायझी. तिसरी 2007 पासूनची, अजून खेळते. नुसतं नाव जुळवलं तर फ्लिन फ्लॉनचा इतिहास ऑइल किंग्जमार्गे पोर्टलंडला पोचतो, ज्याचा या गावाशी सुतराम संबंध नाही. म्हणून जुळवणी करायची ती हंगाम, शहर आणि लीग या तिन्हींवर, आणि तीसुद्धा आपल्या नजरेखालून.

1967 च्या त्या पश्चिम कॅनडा लीगचं नावही स्थिर नाही. 1966-67 मध्ये एक, 1967-68 मध्ये दुसरं, पुढच्या वर्षापासून वेस्टर्न कॅनडा हॉकी लीग, आणि 1978 पासून नुसतं वेस्टर्न हॉकी लीग, कारण तोवर अमेरिकन शहरं आत आली होती. चारही नावांना एकच लीग-आयडी, नावापुढे पासून-पर्यंतच्या तारखा. हे आधी करायचं, मग टीमला हात लावायचा. क्रम उलटा झाला की तुटलेल्या ओळी दुसऱ्याच लीगखाली जाऊन बसतात आणि मग शोधत बसा.

दुरुस्ती चढवली ती चाचणीच्या प्रतीवर. क्लबला एक आयडी, 1927 पासून पुढे उघडा. फ्रँचायझीला वेगळा, 1967 ते 1981, बंद. दोघांना जोडणारं तिसरं टेबल, त्यात हंगामवार ओळी. 1967-68 ते 1977-78 या हंगामांत दोन्ही आयडी एकाच ओळीत येतात. त्यानंतर वाटा वेगळ्या. मग तपासणी. कुठल्याही लीगच्या एका हंगामात सगळ्या टीमनी केलेल्या गोलांची बेरीज आणि सगळ्यांनी खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी यायला हवी. नाही आली तर एखादा सामना दोनदा तरी मोजलाय किंवा गळला तरी आहे. दोन्ही आकडे जुळले.

खेळाडूंच्या पातळीवर मात्र लाल निशाणं लागली. हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याला पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही प्रत्येकी एक. ते असिस्ट. आमच्याकडे एक नियम आहे: असिस्ट गोलांच्या दुपटीहून जास्त झाले आणि एकूण गुण शंभराच्या वर गेले तर थांबा, रकाने उलटे पडले असतील. 1967-68 च्या यादीत बॉबी क्लार्क, 59 सामने, 51 गोल, 117 असिस्ट, 168 गुण. नियमाने पकडला. आकडे खरे आहेत. पलीकडे रेजी लीच त्याच हंगामात 87 गोल करून बसलाय. क्लार्क पास देतो, लीच गोल मारतो, हे कळलं की दोन्ही ओळी एकमेकींची साक्ष देतात. लीचच्या पुढच्या हंगामात 22 सामन्यांत 36 गोल दिसतात. तेही खोटे वाटतात, तेही खरे. असे आकडे 'दुरुस्त' करण्याची खुमखुमी येणारा माणूस या कामात नको.

क्लार्क याच गावचा. मधुमेहामुळे व्यावसायिक क्लब त्याला घ्यायला कचरले आणि 1969 मध्ये व्यावसायिक लीगसाठी नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा तो थेट 17 वा उचलला गेला. फिलाडेल्फियाच्या टीमने उचलला. 1975 चा स्टॅनली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वोच्च करंडक, जिंकणाऱ्या त्यांच्या टीममध्ये क्लार्क आणि लीच दोघंही होते.

आता करंडकांचा रकाना. मेमोरियल कप म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतला सर्वोच्च करंडक. बॉम्बर्सनी तो 1957 मध्ये जिंकला, ओटावाच्या टीमला सात सामन्यांच्या मालिकेत 4-3 असं हरवून. इथे हंगाम 1956-57 आणि कपाचं वर्ष 1957. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की कप एक वर्ष मागे-पुढे सरकतो, हे नेहमीचंच. खरा पेच 1969 चा. क्लार्क-लीच असलेली टीम लीगची विजेती, पण मेमोरियल कपच्या यादीत तिचं नाव कुठेच नाही. डेटा गळला असं वाटणं साहजिक आहे. पण गळलेलं काहीच नाही. 1968 मध्ये लीगचं राष्ट्रीय हौशी संघटनेशी बिनसलं, लीग बाहेर पडली आणि तिच्या टीम कपाला मुकल्या. बॉम्बर्स 1970 मध्ये पुन्हा लीग जिंकले, पुन्हा तेच.

1969 मध्ये त्यांनी खेळली ती बाहेर पडलेल्यांच्या फुटीर संघटनेची अंतिम मालिका, सेंट थॉमस बॅरन्सविरुद्ध. चौथ्या सामन्यात तुंबळ मारामारी झाली, बॅरन्स बर्फ सोडून गेले, पुढे खेळायला तयार झाले नाहीत आणि विजेतेपद फ्लिन फ्लॉनला मिळालं. अशा मालिकेला स्वतंत्र स्पर्धा म्हणून नोंदवायचं आणि अर्धवट सुटलेल्या सामन्याला 'प्रतिस्पर्ध्याने सोडला' हा निकाल-कोड द्यायचा. सवयीने मेमोरियल कपच्या ओळीत टाकलं तर 1969 ला दोन विजेते दिसायला लागतात, कारण तो कप त्या वर्षी माँट्रियलच्या ज्युनिअर टीमने रीतसर जिंकलाय.

राहिली वेळ. टीम मॅनिटोबाची, लीग सस्कॅचेवानची. आमचा एक नियम टीमचा प्रांत लीगच्या प्रांताशी जुळतो का ते बघतो. फ्लिन फ्लॉनला त्यातून वगळावंच लागतं. मॅनिटोबात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, सस्कॅचेवानमध्ये वर्षभर हलत नाही. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सातचा घरचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला, नोव्हेंबरात घड्याळ मागे आलं की साडेसहाला. वेळ लीगच्या प्रांतावरून काढली तर हंगामाचे पहिले काही आठवडे पान सामना एक तास उशिरा दाखवतं आणि लोक पहिलं सत्र हुकवतात. वेळ काढायची ती रिंकच्या पत्त्यावरून.

बरखास्तचा शिक्का निघाला तेव्हा सामन्याचं दुसरं सत्र चालू होतं. मेमोरियल कपचा 1969 चा रकाना बॉम्बर्ससाठी रिकामाच ठेवलाय आणि शेजारी टीप लिहून कुलूप लावलंय, कारण वर्षातून एकदा तरी कोणीतरी तो भरायला जातंच.