पायाखालची जाळी ओळखणारी मांजरी

त्या आवारातल्या बाकी सगळ्या मांजरांच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. नसबंदी झाल्याची ती खूण. मांजर भुलीत असतानाच साधारण एक सेंटिमीटर टोक सरळ रेषेत काढतात, म्हणजे लांबूनही ओळखता येतं आणि तेच मांजर दुसऱ्यांदा टेबलावर जात नाही. दोन्ही कान शाबूत असलेली एकच करडी मांजरी उरली होती. एकच तर आहे म्हणून सोडून देऊन चालत नाही. मांजरी नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते.

नेहमीच्या लांबट पिंजऱ्यात आमिष मागच्या टोकाला असतं आणि त्याच्या अलीकडे पायपट्टी. पट्टीवर भार पडला की खिटी सुटते आणि दार पडतं. करडी आत जायची, खायची, बाहेर यायची. दार तसंच उघडं. अशा वेळी आधी खिटी गंजली का ते बघावं. ती ठीक होती. लांबून दुर्बीण लावल्यावर खरा प्रकार दिसला: पुढचे पाय पट्टीच्या अलीकडे रोवून ती मान ताणून खात होती. यावरचा ठरलेला उपाय म्हणजे पट्टीला पुठ्ठा चिकटवून ती लांबवायची. तसं केलं. पट्टी पायाखाली किंचित हलली आणि दार पुरतं खाली येण्याआधीच बाई उलट्या पावली बाहेर. त्यानंतर ती पिंजऱ्याच्या तोंडाशी येऊन एक पंजा जाळीवर ठेवायची आणि लगेच उचलून घ्यायची.

अशा मांजराला 'फार हुशार आहे' म्हणून लोक मोकळे होतात. त्याने पुढे काय करायचं ते कळत नाही. छताखाली शिरायला, दोन्ही बाजूंना जाळी असायला तिची हरकत नव्हती. हरकत होती ती पायाखालच्या जाळीला. दार बांधून ठेवून रोज थोडं आणखी आत खायला घालणं हाही एक मार्ग आहे, पण दार पडताना पाहिलेल्या मांजराबाबत तो फार वेळ खातो. म्हणून तळ नसलेला सापळा लावायचं ठरलं.

हा सापळा म्हणजे साधारण तीन फूट लांब-रुंद, दीडएक फूट उंच चौकट. वर आणि बाजूंना मऊ जाळी, खाली काही नाही, एका बाजूला सरकतं दार. एक कड काठीने उचलून धरायची, काठीला आठ-दहा मीटर दोरी बांधायची. जमीन सपाट हवी. खळगा असेल तर तिथूनच मांजर निसटतं. खाणं टेकूपासून दूर, मागच्या कडेच्या जवळ ठेवायचं.

आदल्या दिवसापासून खाणं बंद, पाणी मात्र चालू. उपास चोवीस तासांपेक्षा लांबवायचा नाही. आवारात खायला घालणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं, कारण एका खिडकीतून उरलंसुरलं पडलं तरी दिवस वाया जातो. आमिष तीव्र वासाचं, तेलातला मासा उत्तम, पण चमचाभरच; पुढे भूल द्यायची असते. आणि शस्त्रक्रियेची वेळ पक्की झाल्याशिवाय सापळा लावूच नये.

पहाटे आधी कान कापलेला एक बोका आला. दोरी हातात असताना सगळ्यात अवघड काम म्हणजे ती न ओढणं. थोड्या वेळाने करडी आली, पण बोका कडेखालीच बसलेला. तेव्हा ओढलं असतं तर चौकट त्याच्या पाठीवर आदळली असती. तो बाहेर पडला, तिचं डोकं खाली गेलं, शेपटीसकट सगळं अंग आत आलं, तेव्हा एका झटक्यात दोरी ओढली. हळू ओढलं तर काठी नुसती कलंडते.

यानंतरचा अर्धा मिनिट महत्त्वाचा. अडकलेलं मांजर धडका देऊन चौकट उचलू शकतं, म्हणून एकाने धावत जाऊन ती दाबून धरायची आणि दुसऱ्याने जाड चादर टाकायची. अंधार झाला की धडपड थांबते. मग सरकत्या दाराला हस्तांतराचा पिंजरा भिडवून दोऱ्यांनी आवळायचा आणि फक्त त्याचं बंद असलेलं पलीकडचं टोक चादरीने न झाकता ठेवायचं. मांजर उजेडाकडे जातं, करडीही गेली. हा पिंजराही जाळीचाच, पण आता तिला तो पंजा लावून बघायला सवड नव्हती. या टप्प्यावर हात आत घालणारा माणूस चावा घेऊन परततो. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, जखम वरून क्षुल्लक दिसते आणि आत पिकते. चावलंच तर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्याखाली धरून थेट डॉक्टरकडे. पकडणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेतलेली असावी, हे वेगळं सांगायला नको.

पिंजऱ्यात ती उभी राहिली तेव्हा टॉर्चच्या उजेडात पोट दिसलं. आचळं मोठी, गुलाबी, भोवतीचे केस झिजलेले. म्हणजे कुठेतरी पिल्लं होती. अशा वेळी घाबरून सोडून देणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही, कारण ती पुन्हा हाती लागेल तेव्हा पोटात पुढची वीण असेल. नसबंदीने दूध आटत नाही. पशुवैद्यांना फोनवरच कळवलं, तिला पहिला क्रमांक मिळाला. छेद कुशीतून घेतला, म्हणजे सुजलेल्या आचळांना धक्का नाही आणि पिल्लं पिताना टाक्यांवर ताण नाही. एरवी मादीला निदान एक रात्र ठेवतात. हिला पूर्ण शुद्धीवर येऊन पाय न लटपटता उभी राहिल्यावर त्याच संध्याकाळी, पकडलं त्याच जागी सोडलं.

सुटल्यावर ती सरळ लाकडाच्या ढिगामागच्या फटीत शिरली. जागा कळली, पण तिथे कोणी वाकून बघायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. माणसाचा वावर वाढला की मांजरी पिल्लं हलवते. चार-पाच आठवड्यांची झाली की पिल्लं आपणहून खायला बाहेर येतात. त्यांच्या वजनाने पायपट्टी दबत नाही. म्हणून तेव्हा साधाच पिंजरा लावायचा, दाराला पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीचा टेकू द्यायचा, बाटलीला दोरी बांधायची आणि सगळी आत गेल्याशिवाय ओढायची नाही.