जाकिटाची बटणं

कोकणात पुराव्याचा फोटो बिघडतो तो देखणेपणामुळे. फोन कुठेही रोखा, माड, होडी आणि मावळतं ऊन आयतं मिळतं. पण कांदळवनात कुणी डंपरने भराव टाकला असेल, तर भरतीच्या वेळचा सोनेरी फोटो काय दाखवणार? भराव पाण्याखाली. तक्रार घेणारे साहेब म्हणतील, "झकास आलाय हो!"

म्हणून जायचं ओहोटीला, जमल्यास अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तेव्हा पाणी सर्वांत लांब ओसरतं. वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कालच्या घड्याळावर विसंबू नये. आधी लांबून काढायचा, साकव किंवा देवळाचा कळस चौकटीत धरून, मग मधून, मग जवळून. जवळच्या फोटोत शेजारी कोयती किंवा चप्पल ठेवावी. मापाशिवाय ढिगारा म्हणजे नुसता ढिगारा.

मापाचं महत्त्व छायाचित्रकार लुईस हाइनला पक्कं कळलं होतं. 1908 पासून तो अमेरिकेतल्या बालमजुरांचे फोटो काढत होता. मूल आपल्या स्वतःच्या जाकिटाच्या कितव्या बटणापर्यंत येतं, यावरून तो त्याची उंची ताडायचा. खाडीचा चिखलही हक्काचाच विषय आहे. कांदळवनांचा नाश नागरिकांच्या मूलभूत हक्कांना बाधा आणतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली म्हटलं आहे.

खरा घोटाळा पुढे होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो, आतली तारीख-ठिकाणाची नोंद गळते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली, फोटो कोर्टात पुरावा म्हणून देताना जोडायच्या प्रमाणपत्रात फाइलीचं हॅशमूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलीचा अंगठा. एक ठिपका हलला तरी उमटतो वेगळा. तेव्हा मूळ फोटोवर ना फिल्टर, ना कातरकाम.

माणसांचं गणित उलटं. बोटीवरच्या परप्रांतीय खलाशाने पगार थकल्याचं सांगितलं, तर आधी त्याला विचारावं. चेहरा धूसर करून भागत नाही, फोटोच्या प्रतीवर काळी पट्टीच मारावी. गोंदण आणि बोटीचा नंबरही झाकावा. नाहीतर बंदरावर कोण कुठला हे सांगायला चहाची टपरी पुरते. चारचौघांत फिरणाऱ्या या प्रतीतून ठिकाणाची नोंद गळालेलीच बरी, तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा दोष उपयोगी पडतो. मूळ फाइल मात्र दोन जागी ठेवावी, त्यातली एक फोनबाहेर. होडीतून वाकून फोटो काढताना फोन खाडीत जायला किती वेळ लागतो!