इतकं दिलं या देशाने, तरी?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद घेताना कुणीतरी विचारतंच, "काका, इतकं दिलं तुम्हाला अमेरिकेने, तरी तुमचा तिच्यावरचा विश्वास उडाला कसा?"

दिलं, हे अगदी खरं. १९४६च्या कायद्याने वर्षाला जेमतेम १०० भारतीयांना इथे स्थायिक होता येई. त्यांतले एक माझे वडील. मी पाच वर्षांचा असताना आम्ही फिलाडेल्फियाला आलो. पोलिओच्या भीतीने आई उन्हाळ्यात आम्हाला पोहायच्या तलावाकडे फिरकू देत नसे. १९५५ साली लस आली, शाळेत रांग लावून आम्ही दंड पुढे केले आणि आईने त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.

शाळेत रोज छातीवर हात ठेवून झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणायची. तिच्या शेवटी सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय होता. १९५४मध्ये तिच्यात देवाचं नाव घातलं गेलं, तेव्हा बाईंनी नवे शब्द आमच्याकडून घोटून घेतले. सकाळी ती प्रतिज्ञा, संध्याकाळी घरी शुभंकरोती. माझ्या लेखी दोन्ही सारखीच पवित्र. बाईही ते मनापासून मानत होत्या. त्यांनी आम्हाला फसवलं असं मी कधीच म्हणणार नाही.

ऑगस्ट १९५७. आमच्यापासून मोटारीने पाऊण तासावर लेविटाउन होतं. युद्धानंतर उभी राहिलेली, १७ हजारांहून अधिक घरांची वसाहत. परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज मिळून तिथे घरं घेता आली, पण बिल्डरने एकही घर कृष्णवर्णीयांना विकलं नव्हतं. त्या महिन्यात विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं तीन लहान मुलांना घेऊन तिथे राहायला आलं. घर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. रोज रात्री घरासमोर शेकडोंचा जमाव जमू लागला. दगड आले, काच फुटली.

मी वर्तमानपत्रात वाचलं की मायर्स युद्धात सैन्यात होते. वडिलांना विचारलं, "सैनिकांसाठीच होती ना ती घरं?" त्यांनी पेपरची घडी घातली. "आपण त्यात पडायचं नाही." आई म्हणाली, "आपण वेगळे आहोत रे."

त्यांची भीती मला आज कळते. नागरिकत्वाचे कागद अजून हातात नव्हते. पण आमच्या घराची सगळी श्रद्धा एका वाक्यात होती: इथे कष्ट करणाऱ्याला मिळतंच. कष्ट तर मायर्स यांनीही केले होते. मग आम्हाला मिळालं ते नेमकं कशामुळे? हा प्रश्न मी नऊ वर्षांचा असताना मनात शिरला, आणि अजून तिथेच आहे. मंडळात कुणी "आपले लोक कष्टाळू, म्हणून वर आले" असं अभिमानाने सांगतं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती फुटलेली काच येते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ऑगस्ट १९६४मध्ये टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचं आम्हाला सांगितलं गेलं. दुसरा हल्ला झालाच नव्हता. त्या सांगण्यावरून संसदेने अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लढायची मोकळीक दिली, आणि माझ्या वर्गातली मुलं तिकडे गेली.

मग डिसेंबर १९७१. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने केलेल्या कत्तलीबद्दल अमेरिकेचेच तिथले कॉन्सल जनरल आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिलमध्येच वॉशिंग्टनला निषेधाची तार केली होती. तरी अध्यक्ष निक्सन यांनी पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान यांची बाजू सोडली नाही, उलट 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. पुण्याहून मामाचं पत्र आलं: खिडक्यांना काळे कागद लावलेत, तुम्ही तिकडे काय करताय?

वडिलांनी ते पत्र दोनदा वाचलं. एरवी ते म्हणाले असते, या देशाने आपल्याला किती दिलं. त्या रात्री म्हणाले नाहीत. बऱ्याच वेळाने, मला वाटलं पत्राबद्दलच बोलताहेत, पण ते म्हणाले, "त्या मायर्सकडे रात्री सोबतीला काही शेजारी जात होते, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाची मंडळी जात होती. आपणही जायला हवं होतं. पाऊण तासाचा तर रस्ता होता."