ओटीची जुनी रजिस्टरं आणि आमच्या मंडळाचं रजिस्ट्रेशन : माझा अनुभव

2016 ला रिटायर झाले. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर म्हणून 31 वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त लहान मुलांच्या टेबलाशी. वर्षभरानं जुन्या हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉय मामांचा फोन आला, "सिस्टर, स्टोअर रिकामं करायलेत, तुमच्या ओटीची रजिस्टरं रद्दीत निघालीत, येताय का?" हातातलं काम टाकून रिक्षानं गेले. लाल कापडी बाइंडिंगची 14 रजिस्टरं सुतळीनं बांधून ठेवलेली, सगळ्यात जुनं 1968चं. मागितली तर ऑफिसातनं सांगितलं, यात पेशंटची नावं आहेत, एकट्या माणसाला देता येत नाहीत, नोंदणी असलेली संस्था असेल तर लेखी मागा. बरोबरच होतं ते. मग ठरवलं, संस्था करायची. मुलांच्या सर्जरीचा आपल्या भागातला इतिहास सांभाळणारी.

माणसं किमान सात लागतात, 1860 च्या सोसायटी कायद्याला. आमचे रिटायर्ड सर्जन सर, भूल देणाऱ्या मॅडम, मी आणि अजून एक सिस्टर, एक्सरेवाले काका, इतिहासाचे एक गुरुजी आणि एक ग्रंथपाल ताई, झाले सात. पहिली मिटिंग ताईंच्या वाचनालयात, कोल्हापुरात राजारामपुरीत. अध्यक्ष सर, सचिव मी, खजिनदार काका. तिथंच ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. हा पहिला ठराव नीट लिहा बरं का, पुढं प्रत्येक टेबलावर तोच मागतात.

नावातच पहिला महिना गेला. दोन नावं आधीच्या संस्थांशी मिळतीजुळती निघाली, तिसरं बसलं. ज्ञापन (संस्थेचं नाव, पत्ता, उद्दिष्टं सांगणारा कागद), नियमावली, सातही जणांचं संमतीपत्र, ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र, ज्या खोलीचा पत्ता द्यायचा तिच्या मालकाची ना हरकत आणि लाईट बिल, वर कोर्ट फी स्टॅम्प. आणि महाराष्ट्रात नुसत्या सोसायटीवर भागत नाही, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट म्हणूनही नोंद करावी लागते, त्यामुळं ती नोंद करणाऱ्या धर्मादाय ऑफिसला आमच्या खूप फेऱ्या झाल्या. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

खरं काम होतं उद्दिष्टं लिहिण्याचं. तिथल्या साहेबांनी वाचून विचारलं, मुलांच्या सर्जरीचा वेगळा इतिहास तो काय असणार? चांगल्या मनानं विचारलं होतं आणि सर खुर्ची पुढं ओढून सांगत बसले. जन्मताच अन्ननलिका तुटलेली असलेलं बाळ 1939 पर्यंत सहसा जगत नव्हतं, त्या वर्षी अमेरिकेत टप्प्याटप्प्यानं ऑपरेशन केलेली पहिली बाळं वाचली आणि 1941 ला कॅमेरॉन हाइट यांनी एकाच ऑपरेशनात दोन्ही टोकं जोडून बाळ जगवून दाखवलं. बोस्टनला 1938 मध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाजवळची, जन्मानंतर मिटायला हवी होती ती नळी बांधली. मुंबईत मुलांचं वाडिया हॉस्पिटल 1929 चं आणि आपल्या देशातल्या बालशल्यचिकित्सकांची संघटना 1965 ची. म्हणजे साहेब, सर म्हणाले, ज्यांनी हे सगळं आपल्याकडं सुरू केलं त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं अजून हयात आहेत, आज नाही लिहिलं तर कधी लिहिणार? साहेबांनी पेन घेऊन 'मौखिक आठवणींचे संकलन' असं एक वाक्य स्वतः सुचवलं. ते आमच्या उद्दिष्टांत तिसऱ्या नंबरला आहे.

2018 ला नंबर मिळाला आणि त्या पत्रावर रजिस्टरं ताब्यात आली. नावं बाहेर जाऊ देणार नाही असं लिहून दिलं. पुढं पॅन, मग बँकेत खातं, तिघांपैकी दोघांच्या सहीचं, त्यावर फार सांगण्यासारखं काही नाही.

पहिला कार्यक्रम वाचनालयातच घेतला, 23 जण आले. गुरुजींनी सुश्रुतसंहितेतला कान टोचण्याचा भाग वाचला. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, बाळाला दाईच्या मांडीवर बसवून, खेळण्यांनी भुलवून, डाव्या हातानं कान ओढून उन्हाची तिरीप पाळीतून जिथं आरपार दिसते तिथं टोचायचं, मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा. ती खेळणी ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण ओटीच्या दारात मूल आईकडनं घेताना आम्हीही खिशात खुळखुळा ठेवायचो. नंतर मी बोलले ते कापसावर. नवजात बाळ टेबलावर बघताबघता गार पडतं आणि बाळाला ऊब देणारे वॉर्मर नव्हते तेव्हा आम्ही आदल्या दिवशी कापसाच्या गुंडाळ्या करून ठेवायचो, दोन हात, दोन पाय आणि डोकं, वरनं बँडेज सैल फिरवायचं, फक्त पोट उघडं. रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून गाठ मारायची आणि कुशीला ठेवायचे, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं की चटका बसत नाही ना. हे कुठल्याच रजिस्टरात नाही. म्हणून मी लिहायला लागले.

2019 वाईट गेलं. जुलैत काका गेले. ऑगस्टमध्ये पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली आणि रजिस्टरं होती शाहूपुरीत, सरांच्या तळमजल्यावरच्या क्लिनिकमध्ये. नऊ भिजली. ताई म्हणाल्या उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात, मग पंख्याखाली, दर काही पानांमागं टिश्यू पेपर घालून, तो दिवसातनं तीनदा बदलत अठरा दिवस काढले. शाईच्या पेनाचं लिहिलेलं निळं होऊन पसरलं, बॉलपेन आणि शिसपेन्सिल जशीच्या तशी राहिली. 1968 च्या रजिस्टरातली 'ओपन इथर' (तोंडावरच्या जाळीवर इथर थेंबथेंब टाकून भूल द्यायची जुनी पद्धत) ही अक्षरं अजून वाचता येतात, आजूबाजूचं गेलं.

ह्या गडबडीत खजिनदार बदलल्याचा चेंज रिपोर्ट राहिला. बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो द्यावा लागतो, आम्ही डिसेंबरात गेलो. चूक आमचीच. विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, काकांचा मृत्यूचा दाखला, नव्या खजिनदाराचं संमतीपत्र. वकीलसाहेबांनी फी घेतली नाही. विश्वस्तांपैकी कुणी गेलं, कुणी राजीनामा दिला, तर दुःखातसुद्धा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि 31 मार्चचा हिशेब सहा महिन्यांत ऑडिट करून घ्या, पावती दहा रुपयांची असली तरी.

आता नकला उतरवायचं काम चालू आहे. नाव सोडून बाकी रकाने. त्यातनं गोष्टी कळतात, उदाहरणार्थ शौचाची जागाच नसलेल्या बाळांची पुढची ऑपरेशनं. मागनं मधोमध उघडून करायची पद्धत मेक्सिकोत पेन्या यांनी 1980 मध्ये सुरू केली, आमच्या रजिस्टरात ती 1988 मध्ये पहिल्यांदा दिसते, सरांच्या अक्षरात, आणि शेजारी सिस्टरच्या रकान्यात माझी सही.

त्याच पानावरच्या एका ओळीसाठी गेल्या वर्षी कागलकडनं एक आजी आल्या. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी झालं होतं माझ्या लेकाचं, म्हणाल्या. जुना पिवळा केसपेपर दाखवला, जुळला. नवजात बाळांना नाव नसतंच, रजिस्टरात 'बेबी ऑफ' आणि पुढं आईचं नाव. आजींनी त्यावर बोट ठेवलं, म्हणाल्या, "ही मीच की. पण त्याचं नाव कुठाय?" आणि मागं उभ्या असलेल्या, मिशा पिकायला लागलेल्या माणसाला पुढं ओढलं.

मूळ रजिस्टरावर काही लिहायचं नाही हा आमचा नियम. पुढच्या मिटिंगला ठराव केला, पेशंट किंवा आईवडील स्वतः आले आणि लेखी संमती दिली, तर वेगळ्या कार्डावर नाव, गाव आणि त्यांना सांगायचं असेल ते लिहून ओळीच्या नंबराशी जोडायचं. आतापर्यंत सहा कार्डं झालीत. पहिलं आजींच्या लेकानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, बॉलपेननं.