निरभ्र आकाशाखाली बेन लोमंड

स्कॉटलंडमध्ये बेन लोमंड या ९७४ मीटर उंचीच्या डोंगराचा गाजावाजा होतो हे ऐकून दर रविवारी सिंहगड चढणारा पुणेकर गालातल्या गालात हसतो, कारण सिंहगडाचाच माथा समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांच्या घरात आहे. मात्र पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत वाहनानेच निम्म्याहून अधिक उंची गाठून दिलेली असते आणि पायांच्या वाट्याला सुमारे ६०० मीटर उरतात. बेन लोमंडचा पायथा लोमंड सरोवराच्या काठाशी, समुद्रसपाटीहून जेमतेम काही मीटर वर असल्याने तिथे जवळजवळ सगळी उंची स्वतःच चढावी लागते.

सर ह्यू मनरो यांनी १८९१ मध्ये ३,००० फुटांवरील स्कॉटिश शिखरांची यादी प्रसिद्ध केली. आज तिच्यात २८२ शिखरे असून त्यांना ‘मनरो’ असेच म्हणतात. बेन लोमंड हा त्यांतील सर्वांत दक्षिणेकडचा. तेथील डोंगरांसाठीच्या हवामान-अंदाजात मनरोंचे माथे ढगांविना असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. मे महिन्यातील त्या दिवशी ती ९० टक्के दिसताच ग्लासगोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने रजा टाकली, आणि अटलांटिकवरून सतत ढग येणाऱ्या त्या प्रदेशात एवढे कारण पुरेसे असावे.

सरोवरकाठच्या रोवारडेननला डांबरी रस्ता संपतो आणि चढण सुरू होते. सुरुवातीची झाडी लवकरच मागे पडते आणि पुढे नुसते गवत, दलदल व उघडा खडक. आपल्याकडे गर्द रान असते त्या उंचीवरच तिथे उघडा माळ लागतो; त्यामागे ५६ अंश अक्षांशावरच्या थंडी-वाऱ्याइतकीच शतकानुशतकांची वृक्षतोड आणि चराईही आहे. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने दगड बसवून वाट पक्की केली आहे, तिचा मऊ जमिनीवर मोठा आधार वाटतो. वाटेत ना टाके, ना देऊळ, ना ताकवाली. पिठलं-भाकरीची सवय असलेल्याने शिदोरी बरोबर नेलेली बरी.

शेवटच्या नागमोडी चढानंतर वाट अरुंद धारेवर येते, जिच्या एका अंगाला ईशान्येकडील कडा एकदम तुटतो. ढगात हीच जागा जपून ओलांडावी लागते. आम्हाला मात्र बेटांनी भरलेले सरोवर, पश्चिमेकडची आरोकरची शिखरे आणि उत्तरेला एकामागून एक फिकट होत गेलेल्या रांगा असे सगळे दिसत होते. मला अधिक गुंतवले ते पाण्याने. या माथ्यावरच्या पश्चिम उतारावरील पाऊस लोमंड सरोवर आणि क्लाईड नदीमार्गे अटलांटिकला मिळतो, तर पूर्व उतारावरील ओढे फोर्थ नदीतून उत्तर समुद्राकडे जातात. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे आणि मुठेतून भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी पाहिलेल्या माणसाला हे नवे नाही, पण तिथे दोन्ही समुद्र तुलनेने इतके जवळ आहेत की नकाशा पाहूनही विश्वास बसत नाही. ईशान्येकडचे कॅट्रिन सरोवर १८५९ पासून ग्लासगोला पाणी पुरवते, तेव्हा भाच्याला त्याचे ‘खडकवासला’ही दाखवून झाले.

उतरण्यासाठी आम्ही टार्मिगन नावाची डोंगराची दुसरी सोंड धरली. ती सुरुवातीला फार तीव्र आहे आणि गुडघ्यांची चांगलीच परीक्षा घेते, परंतु पुढे सरोवर सतत समोर राहत असल्याने आल्या वाटेने परतण्यापेक्षा ती मला उजवी वाटली. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असल्याने घाईचे कारण नव्हते. पुण्याहून जाणाऱ्यांनी शक्यतो मे महिनाच निवडावा; जूनपासून तेथील चावऱ्या चिलटांचा हंगाम भरात येतो, आणि वारा पडला की सरोवरकाठी उभे राहवत नाही.